पिल्लाच्या दातांना हाड नको

संपादक महोदय,

पेट शॉपमध्ये ‘दात मजबूत होतात’ म्हणून जे पांढरे, गाठी मारलेले हाड हातात ठेवतात, ते बहुधा हाड नसतेच. ते असते वाळवलेले कच्चे चामडे. दोन-अडीच किलोच्या पोमेरेनियन, शिह त्झू किंवा माल्टीज अशा लहान जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला ते देऊ नये. लाळेने चामडे लिबलिबीत होते, गाठ सुटते आणि पिल्लू लांबलचक पट्टी न चावताच गिळते. ती घशात अडकते, नाहीतर पोटात फुगून आतडे तुंबवते.

गुरांचे खूर, कडक नायलॉनची हाडे, दगडासारखी वाळलेली छुर्पी (हिमालयातले कडक चीज) यांचा धोका वेगळा. त्यांनी वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा कपचा उडतो आणि आतली नस उघडी पडते. कुत्रा कण्हत नाही, फक्त एका बाजूने चावू लागतो. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या तर सुया होतात.

खेळणे घेताना अंगठ्याचे नख दाबून पाहा. नखाचा ठसा उमटत नसेल तर ते दातांना कडक आहे. आकार एवढा हवा की अख्खे खेळणे तोंडात मावणार नाही. पिल्लांसाठीचे मऊ, लवचिक रबर सर्वांत चांगले. दोरीच्या खेळण्याचे धागे सुटू लागले की ते लगेच फेका, कारण गिळलेला लांब धागा आतड्याला चुण्या पाडून ते कापतो. शिट्टीच्या खेळण्यातली शिट्टीही गिळली जाते, त्यामुळे पिल्लू एकटे असताना ते देऊ नका. हिरड्या शिवशिवत असतील तर स्वच्छ सुती फडके भिजवून, पिळून, अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि एक टोक आपल्या हातात धरून चघळू द्या. बर्फाचा खडा देऊ नका, तोही दाताला कडकच.

आता खरा मुद्दा. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. त्या वयात त्याला दुधाचे 28 दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत कायमचे 42 येतात. लहान जातींत मात्र दुधाचा सुळा बऱ्याचदा पडतच नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात दर आठवड्याला ओठ वर करून बघा: वरचा नवा सुळा जुन्याच्या पुढे येतो, खालचा आतल्या बाजूने. एकाच जागी दोन सुळे दिसले की ‘पडेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. दोघांच्या फटीत अन्न कुजते, आणि खालचा सुळा आत ढकलला गेला तर टाळूला टोचतो. घरी हलवून तो काढूही नका. त्याचे मूळ लांब आणि बारीक असते, मोडले की तुकडा आत राहतो. पशुवैद्य भूल देऊन तो काढतात. नसबंदी त्याच सुमारास ठरली असेल तर दोन्ही एकाच भुलीत उरकता येते.

घासण्याची सवय आठव्या आठवड्यापासूनच लावा. पहिले काही दिवस नुसते बोट हिरडीवरून फिरवा, मग बोटात घालायचा ब्रश, मग बाळांचा मऊ ब्रश. दात पडत असताना हिरडी दुखते. तेव्हा जोर लावू नका, पण तोंडाला हात लावू देण्याची सवय मोडू देऊ नका. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरा आणि बाहेरची बाजू घासा, आतली बाजू जीभ बरीचशी साफ ठेवते. पेस्ट कुत्र्यांचीच हवी, तांदळाच्या दाण्याएवढी. माणसांची पेस्ट कुत्रा थुंकत नाही, गिळतो, आणि तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घासणे रोजचे हवे, कारण दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक किटण होतो. मग तो ब्रशने निघत नाही.

पेट शॉपवाल्यांना एकच विनंती: चघळायच्या प्रत्येक वस्तूवर ती किती किलोच्या कुत्र्यासाठी आहे, हे मराठीत ठळक लिहा.

– एक पशुवैद्यक, पुणे