पक्या, तो बग नव्हता रे

पक्या,

आठ महिने झाले, तुझ्या तीन मेसेजना मी नुसता अंगठा टाकलाय, तेव्हा आधी शिव्या घालून घे. तब्येत बरी, मान आखडते ती आखडतेच. आता मुद्दा.

काल रात्री जुन्या हार्ड डिस्कवर आपल्या ऑस्ट्रिया-हंगेरीवाल्या ईयू फोर (युरोपा युनिव्हर्सालिस फोर, नकाशावर देश चालवायचा आपला तो गेम) मल्टीप्लेअरचा सेव्ह सापडला. हो, तोच, ज्याच्यावरून तू मला ‘सुलतानाचा जावई’ म्हणायचास. झोप येत नव्हती म्हणून हंगेरी उघडली, सहज बेलग्रेडवर क्लिक केलं आणि बसल्या जागी गार झालो. तुर्कांशी युद्ध लागून दोन महिने झालेत आणि किल्ला मॉथबॉल, म्हणजे खर्च वाचवायला झाकून ठेवलेला. हंगेरी मीच खेळत होतो, दुसरं कोण करणार?

त्या रात्री मी काय काय बोललो होतो आठव. झोन ऑफ कंट्रोल, म्हणजे किल्ला आजूबाजूला शत्रूची वाट अडवतो तो नियम, गंडलाय, किल्ल्याशेजारच्या प्रोव्हिन्समध्ये शिरलं की एकतर किल्ल्यावर जायचं नाहीतर आल्या वाटेने परत, मग तुर्क पुढे गेलेच कसे, बगच आहे. आपल्या ग्रुपातल्या मन्याला तर मॅपवर बाण काढून दाखवले. तू एकदाच विचारलंस, ‘मॉथबॉल नाहीये ना?’ आणि मी म्हणालो, ‘मला नवशिका समजतोस का?’

कसं झालं ते आता कळतंय. भाडोत्री सैन्यापायी कर्ज झालेलं, शांतता होती, चार चिल्लर डकॅट (गेममधले पैसे) वाचवायला सगळे किल्ले मॉथबॉल केले, मग युद्ध लागल्यावर सैन्याचा मेंटेनन्स वर ओढला आणि किल्ले विसरलो. मॉथबॉल किल्ल्याला झोनच नसतो, आत गॅरिसन, म्हणजे शिबंदी, म्हणाल तर दोन पहारेकरी आणि एक कुत्रा. तुर्क वेढा घालायलाही थांबले नाहीत. तू, माझा ऑस्ट्रिया दोस्त, तिकडे फ्रान्सशी भिडलेला आणि तुझं मार खाऊन आलेलं 30 हजारांचं सैन्य तुझ्या स्टायरियात मोराल भरत उभं. स्टॅकवाइप, एका झटक्यात अख्खं सैन्य साफ. खऱ्या इतिहासात तुर्कांना 1521 ला बेलग्रेड पाडावं लागलं, 1526 ला मोहाच लढावं लागलं, तेव्हा कुठे 1529 ला ते व्हिएन्नासमोर आले. मी त्यांना फुकटात सोडलं.

किल्ला जिवंत असता तर तुर्कांचा बराच वेळ वेढ्यातच गेला असता. वेढ्यात दर 30 दिवसांनी एक फासा, फाशावर 1 पडला की वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत रोगराई, आणि तू सोडवायला आला असतास तर वेढा घालून बसलेल्यांनाच अटॅकर धरून टेरेनचा (डोंगर-नदी वगैरे भूभागाचा) दंड बसला असता. (तू धीर धरला असतास तर. तटबंदीला भगदाड पडल्या पडल्या असॉल्ट (थेट चढाई) मारून अर्धी पायदळं संपवणारा माणूस तू, ते मी अजून विसरलेलो नाही. आणि तोफा कमी नेल्या होत्यास, ते भांडण मी जिंकलेलंच आहे.)

पण खरा लोच्या मन्याचा आहे. त्याने तेव्हापासून किल्लेच बांधायचं सोडलंय! ‘झोन बगी आहे, सिद्ध झालंय’ असं सगळ्यांना सांगत फिरतो, आणि त्याच्या प्रत्येक गेममध्ये एआय (कॉम्प्युटर चालवतो ते देश) येऊन अख्खा देश कार्पेटसारखा गुंडाळतो, जसं 2015 च्या आधी प्रत्येक प्रोव्हिन्सवर बसत फिरावं लागायचं तसं. एक किल्ला असेल तर शत्रूचं सैन्य पुढे सरकल्यावर त्याने घेतलेले शेजारचे प्रोव्हिन्स आपोआप परत येतात, हे त्याला कुणी सांगायचं? मीच त्याला पढवलंय. आता कुठल्या तोंडाने सांगू? रात्री दोनदा मेसेज टाइप केला, दोनदा खोडला. बरं, ईयू फाइव्ह, म्हणजे याचाच पुढचा भाग, असतं तर राजधानीपासून लांब म्हणून बेलग्रेडवर माझा कंट्रोलच नव्हता अशी थाप तरी मारता आली असती.

तू कसा आहेस? नव्या नोकरीत बॉस बरा आहे का? पोरगी चालायला लागली असेल, फोटो पाठव.

सेव्ह सोबत पाठवतोय. काही बदललेलं नाही, उघड, स्क्रीनशॉट काढ, मन्याला तूच पाठवलास तर फार बरं होईल. त्याच फोल्डरमध्ये वर्षभर आधीचा ऑटोसेव्हही आहे. शनिवारी रात्री दहाला, तू ऑस्ट्रिया, मी हंगेरी, फक्त गेम सुरू झाल्या झाल्या मला बेलग्रेडची आठवण कर, गॅरिसन भरायला वेळ लागतो.

तुझा,
सुलतानाचा जावई