गोठ्याच्या जागेवर काय लावावं?

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गोठ्याची रिकामी जागा फुलपाखरांसाठी ठेवायची असं तुम्ही सांगितलंत, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही. फोनवर बोलताना रेंज जाते आणि झाडांची नावं अर्धवट ऐकू येतात, म्हणून लिहून पाठवते. देवरुखला नर्सरीत जाण्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडू दे.

तुमच्या यादीत जास्वंद, गुलाब, शेवंती, झेंडू आहेत. म्हणजे सगळी फुलंच. फुलपाखरू फुलावर येतं, मध पितं आणि निघून जातं. ते आपल्या परड्यात नांदायला हवं असेल तर मादीला अंडी घालायला पान हवं, आणि ते पानही जातीप्रमाणे ठरलेलं असतं. भलत्या पानावर अळी जगत नाही. इथे ठाण्यात ओवळेकरवाडीच्या फुलपाखरू बागेत गेलं की मी फुलांपेक्षा कुरतडलेली पानंच जास्त बघत बसते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आधी पानांची झाडं ठरवू, फुलं मागाहून.

आई, कढीपत्त्यावरच्या अळ्या तू काडीने काढून टाकतेस ना? लहानपणी पक्ष्याची शीट वाटावी अशी दिसणारी, मग हिरवीगार होणारी, डिवचली की डोक्यामागून लाल शिंग काढून वास सोडणारी ती अळी कॉमन मॉर्मनची असते. तिच्यासाठी कढीपत्त्याचं दुसरं रोप लावू. एक तुझ्या फोडणीला, एक तिला. तुझ्या झाडावर अळी दिसली तर पानासकट उचलून त्या रोपावर ठेव. विहिरीजवळचं लिंबूही राहू दे, कारण महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंत लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. कुठल्याही राज्याने असं फुलपाखरू निवडण्याची ती पहिलीच वेळ. काळ्या पंखांवर फिकट निळा पट्टा असलेलं, तळहाताएवढं ते फुलपाखरू आपल्या पाणंदीत तुम्ही दोघांनी नक्की पाहिलं असणार.

आता मला सगळ्यात हवी असलेली वेल, ईश्वरी. गावात कुणी सापसंद म्हणेल. ती पूर्वेकडच्या गडग्यावर चढवा. क्रिमझन रोज आणि कॉमन रोज ही लाल अंगाची काळी फुलपाखरं तिच्यावर वाढतात. वेलीतलं विष अळी पोटात साठवते आणि ते फुलपाखरात उतरतं, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. गंमत पुढेच आहे. कढीपत्त्यावर वाढलेल्या कॉमन मॉर्मनच्या काही माद्या हुबेहूब या रोज फुलपाखरांसारख्या दिसतात. अंगात विष नाही, पण रूप घेऊन जीव वाचवतात. एकीकडे कढीपत्ता आणि समोर ईश्वरी असेल तर खरी आणि नक्कल दोन्ही तुम्हाला पडवीतून दिसतील. ओळखायची कशी? अंग बघायचं. रोज फुलपाखराचं अंग लाल, मॉर्मनचं काळं.

पण बाबा, ईश्वरी देशीच घ्या. नर्सरीत तिच्याच जातकुळीची, मोठ्या चट्ट्यापट्ट्यांच्या फुलांची परदेशी वेल देतील आणि तीच चांगली म्हणतील. ऑस्ट्रेलियात अशाच एका परदेशी वेलीने घात केला. तिथल्या रिचमंड बर्डविंग फुलपाखराच्या माद्या फसून तिच्यावर अंडी घालतात आणि अळ्या पान खाऊन मरतात. देशी नाही मिळाली तर जागा मोकळी ठेवा, मी इथून शोधून आणीन.

तुम्ही शनिवारी मारुतीला माळ करता त्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू वाढतं. एक झुडूप कोपऱ्यात येऊ द्या, पाणीसुद्धा घालावं लागणार नाही. फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, पानं काढून झाली की हात धुवा. आजीच्या वेळची पानफुटी अजून न्हाणीमागे आहे ना? तिची दोन पानं मातीवर टाकलीत तरी पुरे. रेड पिएरोची अळी त्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते. पान उजेडासमोर धरलं तर ती आत दिसते.

आई, टाकळा आणि घोळ मात्र तुझ्या हातात आहेत. पावसाळ्यात टाकळ्याची कोवळी पानं तू भाजीला खुडतेस, तीच पिवळ्या फुलपाखरांना लागतात. घोळीवर डॅनाइड एगफ्लायच्या अळ्या वाढतात. भाजी कर, पण गोठ्याच्या जागेवरचा टाकळा आणि घोळ तण म्हणून उपटायला कुणाला सांगू नकोस. लोक नर्सरीतून महाग झाडं आणतात आणि दारातलं हे उपटून फेकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फुलांत पिटकुळी, दिंडा आणि हनुमान किरीट घ्या. तिन्ही आपल्या मातीत रुजतात. पेंटास बाहेरचं असलं तरी पसरत नाही आणि बराच काळ फुलतं, ते पडवीसमोर चालेल. घाणेरी नको. फुलपाखरं तिच्यावर येतात हे खरं, पण पक्षी तिचं बी सड्यावर नेतात आणि मग ती कुणाला आवरत नाही. झेंडू तुमच्या हौसेसाठी लावाच, एकेरी पाकळीचा मिळाला तर जास्त बरं.

आंब्यावरचं बांडगूळ यंदा सगळं काढू नका. कलमांना त्रास होतो हे मला समजतं, पण विहिरीजवळच्या रायवळावर एक फांदी सोडा. हळदीकुंकू फुलपाखरू त्यावरच अंडी घालतं. पिकून पडलेला फणस लगेच उचलू नका, त्याच्या रसावरही काही फुलपाखरं बसतात.

दोन गोष्टी जपायच्या. रोपांवर औषध मारलंय का, कधी मारलंय, हे नर्सरीत स्पष्ट विचारा. शंका असली तर ते रोप पावसात महिनाभर वेगळं ठेवा. आणि कलमांना मोहोराची फवारणी कराल तेव्हा वारा पडलेला असू दे, गोठ्याकडे फवारा यायला नको.

रोपं पहिले दोन पाऊस पडून जमीन भिजली की लावा. खड्डे तुम्ही खणू नका, गुडघ्याला त्रास होईल. गडीमाणूस बोलवा, पैसे मी पाठवते. आई, तूही घागर उचलून शिंपणं करायला जाऊ नकोस. जूनमध्ये मुळं धरली की पुढच्या उन्हाळ्यात थोडंसंच पाणी लागेल.

मी गणपतीला येताना खुळखुळ्याचं बी आणते. ब्लू टायगरचे नर त्याच्या वाळक्या फांद्यांवर रस शोषायला थव्याने बसतात. तोवर बाबा, जागेची लांबी-रुंदी पावलांनी मोजून कळवा, आणि सकाळचं ऊन कुठून कुठवर येतं तेही. त्यावरून ईश्वरीचा मांडव कुठे घालायचा ते ठरवू.

तुमची,
मनू