बंड्यास पत्र: एव्हबरीची ड्रुइड मंडळी

प्रिय बंड्या,

'तू तिकडे झाडं पुजणाऱ्या पंथात शिरलास म्हणे' हा तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही हे, म्हणून निवांत लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी एक सांगतो, आपली माणसं भेटत नाहीत म्हणून मी तिकडे गेलो असं अजिबात नाहीये. इथे इंग्लंडात, स्विंडनला गोव्याची माणसं एवढी आहेत की बाजारात कोकणी कानावर पडते, दिवाळी होते, गणपती बसतो. पण ज्या मातीवर राहतोय, पोरं जिथे मोठी होतायत, त्या मातीशी आपलं काहीच नातं नाही हे मला फार लागायचं. इथून बसने एव्हबरीला जाता येतं, तिथे साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं दगडांचं वर्तुळ आहे, एवढं मोठं की गावाचा एक भाग, रस्ता आणि एक पब त्याच्या पोटात आहे. तिथे ड्रुइड लोक, म्हणजे प्राचीन केल्ट पुजाऱ्यांचं नाव घेऊन निसर्ग पुजणारी आजची माणसं, वर्षाचे आठ सण करतात, दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि अधलेमधले चार, आणि बरेचसे सण कोणालाही खुले असतात. १९९३ मध्ये फिलिप शालक्रास यांनी असे खुले विधी तिथे सुरू केले, तेव्हापासून निरनिराळ्या गटांची माणसं एकत्र येतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस बारीक पडत होता आणि एक साठीच्या बाई, अंगावर पांढरा झगा आणि पायात चिखलाने भरलेले गमबूट, सगळ्यांना विचारत फिरत होत्या, पूर्व कोण घेणार, दक्षिण कोण घेणार. म्हणजे त्या दिशेला तोंड करून आवाहन कोण करणार. ज्यांना मी पुजारी समजत होतो त्या बाईंनी सगळी कामं वाटूनच टाकली! उत्तर एका रिटायर्ड बस ड्रायव्हरने घेतली, पश्चिम एका कॉलेजच्या मुलीने, तिचा आवाज कापत होता तर शेजारच्याने नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यात आधी चारी दिशांना शांती म्हणतात, कारण शांती नसेल तर पुढचं काही करायचंच नाही असा त्यांचा नियम, मग हात धरून तीनदा शपथ, 'आवेन' (वेल्श भाषेत काव्यस्फूर्ती) असा लांब सूर, मग पाव आणि मधाची दारू फिरते, पहिला तुकडा जमिनीला. त्यानंतर ज्याला जे येतं ते म्हणायचं, गाणं, कविता, काहीही. मी 'ज्ञानोबा माउली तुकाराम' म्हटलं आणि तिसऱ्या आवर्तनाला सगळं वर्तुळ टाळ्यांचा ठेका धरून होतं, बंड्या, मला रडू आलं रे.

आता तू म्हणशील हे सगळं खरंच प्राचीन आहे का. नाही. जुन्या ड्रुइडांनी स्वतःचं काही लिहून ठेवलं नाही, जे कळतं ते बरंचसं रोमन लोकांनी लिहिलेलं, आणि आजचा विधी बऱ्याच अंशी आयोलो मोर्गान्वग या वेल्श गवंडी कवीपासून येतो, ज्याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर पहिला मेळा भरवला आणि स्वतः रचलेलं बरंच काही जुनं म्हणून खपवलं. हे इथे कोणी लपवत नाही, मला तर ते त्या बाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं. तरी त्याची प्रार्थना आजही म्हणतात, संरक्षण दे, बळ दे, समज दे, आणि पुढे न्यायाचं ज्ञान आणि त्याचं प्रेम. दोनशे वर्षं माणसं मनापासून म्हणतायत ती प्रार्थना, माझ्या मते ती तेवढ्यानेच खरी झाली.

पुढारीपणाचं तुला मुद्दाम सांगतो कारण तू मंडळाच्या अध्यक्षपदावरून वैतागलायस. इथली सगळ्यात मोठी संस्था, बार्ड-ओव्हेट-ड्रुइडांची (म्हणजे कवी, द्रष्टे आणि ड्रुइड यांची) ऑर्डर, १९६४ मध्ये रॉस निकोल्स यांनी काढली, ते गेल्यावर ती थंडावली, १९८८ मध्ये फिलिप कार-गॉम यांनी पत्राने शिकवायचा कोर्स घेऊन पुन्हा उभी केली, आणि २०२० मध्ये धडधाकट असताना जागा सोडून आयर्लंडच्या ईमर बर्क यांच्या हाती दिली. मेल्याशिवाय खुर्ची न सोडणारे आपण कमी बघितलेत का? अमेरिकेत आयझॅक बोनविट्स यांनी १९८३ मध्ये वेगळी संघटना काढली, तिथे प्रमुख मतदानाने निवडतात. त्यांनीच त्याआधी १९७९ मध्ये एक तक्ता छापला होता, कुठलाही पंथ धोकादायक आहे का हे एक ते दहा मार्क देऊन तपासायचं, पैसा किती मागतात, सोडून जाणाऱ्याला अडवतात का, पुढाऱ्यावर केलेला विनोद चालतो का. मी आत जायच्या आधी तो तक्ता घेऊन बसलो होतो. तुझ्या मंडळालाही लावून बघ, खरंच सांगतोय.

पण मला खरा पुढारीपणा दिसला तो विधी संपल्यावर. जवळच वेस्ट केनेटची पाच हजार वर्षांहून जुनी दगडी कबर आहे, लोक आत मेणबत्त्या लावून निघून जातात आणि त्याने दगड काळे पडतात, तर या बाई दर सणानंतर टॉर्च आणि पिशवी घेऊन आत जातात आणि वाकून वाकून एकेक टीलाइट उचलतात. कोणी सांगितलेलं नाही, फोटो काढणारं कोणी नाही. मी त्यांच्यामागे जायला लागलो, मग अजून दोघं आली, आता आम्ही चारपाच जण असतो आणि येताना गप्पांत कोणाची नोकरी गेली, कोणाची आई आजारी आहे हे कळतं, मग कोणीतरी डबा पोचवतं.

देव सोडलास का विचारशील, तर नाही. कोणी तसं मागितलंच नाही, त्या ऑर्डरमध्ये कुठल्याही धर्माचा माणूस चालतो. गणपती घरी बसतोच. आणि सरकारदरबारी म्हणशील तर २०१० मध्ये इथल्या चॅरिटी कमिशनने द ड्रुइड नेटवर्क या संस्थेला धार्मिक संस्था म्हणून रजिस्टर केलंय, त्यामुळे आईला सांग की पोरगं कुठल्या भलत्यासलत्या टोळीत नाहीये, ती तुझं ऐकते.

ऑक्टोबरअखेरच्या सावेनला, म्हणजे पूर्वजांच्या सणाला, बाईंनी मला उत्तर दिशा घ्यायला सांगितलीये. त्यात गेलेल्यांची नावं घेतात. मी अण्णांचं नाव घेणार आहे, तुझ्या वडलांचंही घेऊ का ते कळव.

तुझाच,
पक्या