सिलिकॉनचा पृष्ठभाग आणि पोर्ट सईदचा अभियंता : मुलीस पत्र

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मागच्या पत्रात, अरबांचे विज्ञान मध्ययुगातच संपले आणि पुढे त्यांच्याजवळ उरले ते केवळ तेल, असे एक वाक्य होते. वर्गात सांगितले गेले म्हणून तू ते तसेच मान्य केलेस, हे मला मुळीच पटले नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलीने तर ते मुळीच मान्य करू नये, कारण ज्या मॉसफेटचा, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या चिपवरच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरचा, अभ्यास तू वर्षभर करते आहेस, त्याच्या जन्माशी एका इजिप्शियन अभियंत्याचे नाव कायमचे जोडलेले आहे.

मोहम्मद अताल्ला यांचा जन्म १९२४ मध्ये पोर्ट सईद येथे झाला. कैरोमध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेले, तेथे यंत्र अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवून १९४९ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. म्हणजे ज्या प्रयोगशाळेत त्याआधी दोनच वर्षे ट्रान्झिस्टर जन्माला आला होता, तेथे हा यंत्र अभियंता आला आणि सुरुवातीला टेलिफोनच्या रिलेंच्या (जोडणी चालू-बंद करणाऱ्या स्विचांच्या) विश्वासार्हतेवर काम करत राहिला. पुढे त्यांच्याकडे सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांच्या (सेमीकंडक्टरच्या) पृष्ठभागाचा प्रश्न आला. हा प्रश्न तुझ्या पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेदांत उरकला असेल, म्हणून मी तो जरा सविस्तर लिहिते.

सिलिकॉनच्या स्फटिकाच्या आत प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी बांधलेला असतो. पृष्ठभागावरच्या अणूंना मात्र एका बाजूला शेजारीच नसतो. तेथील बंध अपुरे राहतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतात. बाहेरून विद्युतक्षेत्र लावून अर्धवाहकातील प्रवाह नियंत्रित करावा, ही कल्पना १९२० च्या दशकापासून कागदावर होती आणि ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी शॉकली यांनीही तिचा प्रयत्न करून पाहिला होता. प्रत्येक वेळी पृष्ठभागावर अडकलेले हेच इलेक्ट्रॉन बाहेरचे क्षेत्र अडवत आणि ते आत पोहोचूच देत नसत. त्यांचे सहकारी बार्डीन यांनी हे कारण ओळखले, तरी त्यावरचा उपाय हाती नव्हता. अताल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अतिशय स्वच्छ केलेल्या सिलिकॉनवर उच्च तापमानाला ऑक्साइडचा थर वाढवला, तर ते अपुरे बंध बहुतांशी भागतात आणि पृष्ठभाग शांत होतो. त्यांचा यावरचा लेख १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्साइडच्या उपयोगाचा पाया त्याच प्रयोगशाळेत फ्रॉश आणि डेरिक यांनी आधीच घातला होता, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण पृष्ठभाग हाच गाभ्याचा प्रश्न आहे असे धरून त्याच्या मागे लागण्याची चिकाटी अताल्ला यांची होती.

त्यानंतरची पायरी त्यांनी सोलमध्ये जन्मलेले दवॉन कांग यांच्याबरोबर गाठली. ऑक्साइडच्या पातळ थरावर धातूचे गेट ठेवायचे, त्यावर विद्युतदाब द्यायचा, आणि खालच्या सिलिकॉनमध्ये सोर्स या टोकापासून ड्रेन या टोकापर्यंत वाहक मार्ग तयार व्हायचा : १९६० मध्ये त्यांनी हे साधन, म्हणजेच मॉसफेट, एका परिषदेत मांडले. ते त्या काळच्या ट्रान्झिस्टरपेक्षा पुष्कळ मंद होते, म्हणून बेलमध्ये त्याचे फारसे स्वागत झाले नाही. त्याचा पाठपुरावा पुढे इतर कंपन्यांनी केला. गेटमधून स्थिर प्रवाह जवळजवळ वाहतच नाही आणि रचना सपाट असल्याने आकार कमी करत नेता येतो, या दोन गुणांमुळेच आज एका चिपवर अब्जावधी मॉसफेट मावतात. इतक्या मोठ्या संख्येने माणसाने दुसरी कोणतीही वस्तू घडवलेली नाही. आणि तरीही शॉकली, बार्डीन, ब्रॅटेन ही नावे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही सांगितली जातात, अताल्ला आणि कांग यांची नावे मात्र अभियंत्यांनाही सांगता येत नाहीत. मला हा सरळ अन्याय वाटतो.

अताल्ला यांनी १९७० च्या दशकात अर्धवाहकांचे क्षेत्र सोडले, स्वतःची कंपनी काढली आणि बँकांच्या एटीएमसाठी पिन सांकेतिक रूपात पाठवणारे सुरक्षा यंत्र तयार केले. याच वाटेवर कैरोचाच आणखी एक अभियंता दिसतो. ताहेर एल्गमाल यांनी १९७७ मध्ये कैरो विद्यापीठाची पदवी घेतली, स्टॅनफर्डला मार्टिन हेलमन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली आणि १९८५ मध्ये आपली सांकेतिकीकरणाची व स्वाक्षरीची पद्धत प्रसिद्ध केली. एखाद्या मोठ्या अविभाज्य संख्येच्या भागाकारातील बाकी घेत घात काढणे सोपे, पण उत्तरावरून मूळ घातांक शोधणे अतिशय कठीण, या एका विषमतेवर ती पद्धत उभी आहे. नंतर नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे प्रमुख शास्त्रज्ञ असताना त्यांनी एसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीच्या घडणीला जी चालना दिली, तिचाच वारसा तू फोनवरून परीक्षा शुल्क भरतेस तेव्हा उपयोगी पडत असतो.

आता तू विचारशील, की हे सगळे तर अमेरिकेत घडले, मग ते अरबांचे कसे? प्रश्न रास्त आहे. रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी यांचेच उदाहरण घे. त्यांचा जन्म १९६५ मध्ये जॉर्डनच्या अम्मानमधील एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात झाला. घरात वीज नव्हती, वाहते पाणी नव्हते, आणि पंधराव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी एकट्याने अमेरिकेस पाठवण्यात आले. धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे जोडून त्यांनी जे सच्छिद्र स्फटिक घडवले, त्यांच्या दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा आंतरिक पृष्ठभाग असतो. या कामासाठी २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना कितागावा आणि रॉब्सन यांच्यासह मिळाले. रात्री वाळवंटी हवेतली वाफ धरून ठेवायची आणि दिवसा उन्हाच्या उष्णतेने ती पाणी म्हणून सोडायची, हा त्या स्फटिकांचा उपयोग त्यांनी ॲरिझोनात करून दाखवला. पाण्याची टंचाई बालपणी सोसलेल्या माणसाला हाच उपयोग सुचावा, यात मला त्यांचे अम्मान स्पष्ट दिसते. प्रयोगशाळेचा पत्ता परका असला, तरी प्रश्न निवडणारे मन कुठे घडले हेही मोजावे लागते. अमेरिकेत काम केलेल्या आपल्याकडच्या खुराणा किंवा चंद्रशेखर या शास्त्रज्ञांबाबत आपण तसेच मोजतो. मग अरबांना वेगळे माप का लावावे?

शिवाय सगळे परदेशातच झाले असेही नाही. संयुक्त अरब अमिरातीचे ‘होप’ यान ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. कोलोरॅडो विद्यापीठाचे सहकार्य त्यांनी घेतले, पण दुबईच्या तरुण अभियंत्यांना त्या कामात प्रत्यक्ष सहभागी करून शिकवणे हा मोहिमेचाच एक उद्देश होता. तिच्या वैज्ञानिक बाजूचे नेतृत्व सारा अल अमिरी यांच्याकडे होते. १९८७ चा जन्म, शारजा येथे संगणक अभियांत्रिकीचे शिक्षण, आणि चौतिशीच्या आत मंगळमोहीम! तुझ्या मैत्रिणींना हे जरूर सांग.

तुमच्या प्रयोगांच्या यादीत मॉसफेटचे आलेख काढणे असेलच. गेटचा विद्युतदाब एका ठरावीक मर्यादेपर्यंत वाढेतोवर ड्रेनचा प्रवाह जवळजवळ शून्यच का राहतो, आणि ऑक्साइडमध्ये सोडियमची अशुद्धी शिरली तर ती मर्यादा का सरकते, हे पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहून मला पाठव. मी तपासून परत पाठवीन. बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई