कॉक बदलताना

चि. वर्षास, अनेक आशीर्वाद.

बोटीचे फोटो पाहिले. सिंकखालच्या कॉकची, म्हणजे बुडातल्या भोकावर बसवलेल्या व्हॉल्व्हची, दांडी अडकलीय. तो तू घासलास, तिथं धातू गुलाबी दिसतो. म्हणजे ते पितळ आहे. खाऱ्या पाण्यानं त्यातलं जस्त खाल्लं, उरलं ते सच्छिद्र तांबं. वरून धड दिसतं अन् पान्याचा एक झटका बसला की कटकन मोडतं. म्हणून नुसती दांडी मोकळी करून भागायचं नाही. बुडातून गेलेला आट्यांच्या नळीचा तुकडा, त्याला आतून आधार देणारी पाटी, कॉक, सगळंच नवं टाक. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फूट असलं तर मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी आत येतं. आपल्या पाठीवरच्या फवारणी पंपाच्या आठ-नऊ टाक्या, दर मिनिटाला.

हार्डवेअरच्या दुकानातला बॉल व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, पण आणू नको. एक तर तो बहुधा पितळेचाच. शिवाय बुडातल्या तुकड्याचे आटे सरळ असतात. व्हॉल्व्हचे निमुळते निघाले तर दोन-तीन फेऱ्यांतच अडकतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि सगळा भार तेवढ्याच आट्यांवर येतो. रुंद बैठकीचा ब्राँझचा सीकॉक, म्हणजे बोटीसाठीच बनवलेला कॉक घे, तुकडाही त्याच कंपनीचा. बोटींसाठीच्या अमेरिकेच्या एबीवायसी मानकात असा जोड २२७ किलोचा भार ३० सेकंद सहन करतो की नाही ते पाहतात. अंधारात चुकून पाय पडला तरी तुटू नये, एवढाच त्याचा अर्थ.

जुना तुकडा पान्यानं ओढत बसू नको. बाहेरची टोपी ग्राइंडरनं घासून काढ, बाकीचा आत ठोकला की निघतो. मग भोकाभोवती प्लॅस्टिकच्या हातोडीनं वाजवून पाहा. आवाज टणक आला तर ठीक. बद्द आला तर आत बाल्साचा, म्हणजे हलक्या लाकडाचा गाभा आहे आणि तो भिजलाय. तसा असेल तर कडेनं इंचभर गाभा कोरून काढ, पूर्ण वाळू दे, आणि ती खाच घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या राळेनं भर. हे टाळून वरून सीलंट फासणारे खूप आहेत. पाणी दिसत नाही, पण गाभा कुजतच राहतो.

तिकडे पाऊस चालू असेल, इकडेही पऱ्हाटीत डवरा घालायला उघाड नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. त्यावर दुसरा हात दिला तर तो धरत नाही. ॲसिटोननं तो निघत नाही. साधं पाणी आणि हिरवी घासणी वापर, मग वाळवून पॉलिश पेपर मार.

आतली पाटी प्लायवूडऐवजी फायबरग्लासची घे, किमान १२ मिलिमीटर जाड, कॉकच्या बैठकीपेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठी. बुडाला बाक असतो, म्हणून ती घट्ट इपॉक्सीत अशी बसव की तिचा वरचा पृष्ठभाग तुकड्याच्या काटकोनात येईल. बैठकीचे बोल्ट ब्राँझचे, पाटीतच आटे पाडून लाव. बुडाला आणखी भोकं नकोत.

सीलंटआधी सगळं कोरडं जोडून पाहा. तुकडा कॉकच्या तळाला टेकला आणि टोपी अजून बुडाला भिडली नाही, तर तेवढे आटे कापावे लागतील. पाण्याखाली सिलिकॉन चालत नाही, पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड वापर. आतून एकानं कॉक धरायचा, बाहेरून दुसऱ्यानं तुकडा फिरवायचा. सीलंट कडेनं सारखा बाहेर आला की थांब. एकदा धरल्यावर पुन्हा पिळू नको, पकड तुटते.

नळीला ३१६ स्टीलच्या दोन क्लिपा, आणि कॉकशेजारी लाकडी बूच दोरीनं बांधून ठेव. बोट पाण्यात उतरली की क्रेनचे पट्टे सुटायच्या आधी आत जाऊन जोडाभोवती कोरडा कागद फिरव. तासाभरानं पुन्हा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तुकडा आतून धरायचा पायऱ्यांचा पाना माझ्या पेटीत आहे. पोळ्याला येशील तेव्हा घेऊन जा. तोवर घासणं आणि वाळवणं उरकेल.

तुझे बाबा