कन्सोल प्रोग्राम कोणत्याही संगणकावर चालावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सी भाषा शिकणारी अनेक मुले कन्सोल प्रोग्राम (फक्त अक्षरांच्या पडद्यावर चालणारे प्रोग्राम) लिहिताना आजही १९८७ साली आलेल्या टर्बो सी या कंपाइलरच्या सवयीने एकेक कळ वाचणारे 'गेटच' (getch) आणि पडदा पुसणारे 'क्लिअरस्क्रीन' (clrscr) ही फंक्शने वापरतात. ही फंक्शने सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयात (भाषेसोबत येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचात) कधीच नव्हती, म्हणून तोच प्रोग्राम लिनक्सवर (विंडोजसारख्याच दुसऱ्या संगणक प्रणालीवर) नेला की तो कंपाइलच होत नाही आणि मूल स्वतःलाच दोष देते. हे मला फार खटकते.

लिनक्सचा टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) एरवी एंटर दाबेपर्यंत अख्खी ओळ स्वतःजवळ धरून ठेवतो. एकेक कळ लगेच हवी असेल, तर टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या 'टर्मिऑस' (termios) या सोयीच्या साहाय्याने ही ओळ-पद्धत आणि अक्षरांचा प्रतिध्वनी (टाइप केलेले पडद्यावर उमटणे) बंद करावा लागतो आणि प्रोग्राम संपताना, अगदी तो मध्येच थांबवला गेला तरी, मूळ स्थिती परत आणावी लागते. नाहीतर पुढे टाइप केलेले पडद्यावर दिसत नाही. बाणाची कळ तर एक अक्षर नसून एस्केपपासून सुरू होणारी मालिका पाठवते, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते.

पडदा आणि कळा हाताळणारी ग्रंथालये, म्हणजे लिनक्सवर 'एनकर्सेस' (ncurses) आणि विंडोजवर 'पीडीकर्सेस' (PDCurses), वापरल्यास जवळजवळ तोच कोड दोन्हीकडे चालतो, आणि दोन्ही विनामूल्य आहेत. गावात एकाच्या घरी जुना विंडोज संगणक आणि प्रयोगशाळेत लिनक्स, अशी स्थिती असताना प्रात्यक्षिकांच्या वहीत निदान एक प्रयोग या पद्धतीने लिहून घ्यावा, अशी सर्व संगणक शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक, दारव्हा