शुभेच्छांच्या फलकावर माउली कशाला?

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राम मारुती रोडवरून भाजी घेऊन परतत होते. रात्रभर पावसाने झोडपलं होतं. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला सुतळीने बांधलेला फ्लेक्स एका बाजूने सुटून रस्त्यावर आला होता आणि रिक्षांची चाकं त्याच्या टोकावरून जात होती. दोन पोरांनी तो ओढून कडेला घेतला, तेव्हा दिसलं की चाकाखाली आलेलं टोक म्हणजे ज्ञानेश्वर माउलींचा चेहरा. मिटलेले डोळे, कपाळावर गंध आणि गालावर टायरचे काळे वळ. भाजीवाल्या मावशींनी पदराने तो पुसला. मग साडीची घडी घालतात तशी आम्ही दोघींनी त्या फ्लेक्सची घडी घातली. पुढे त्याचं करायचं काय, ते दोघींनाही कळेना. कचऱ्यात टाकवेना, निर्माल्यात प्लॅस्टिक चालत नाही. शेवटी घरी आणला.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. कागदावर जे मोठं काढाल ते महत्त्वाचं ठरतं, हे पाचवीच्या मुलांनाही सांगावं लागत नाही. तो फ्लेक्स गॅलरीत पसरून मी शिक्षिकेच्या नजरेने पाहिला. इच्छुक उमेदवार हात जोडून नखशिखांत उभे, अर्धा फलक त्यांचाच. वर डावीकडे गोलांमध्ये विठ्ठल, माउली, तुकोबा. उजवीकडे तेवढ्याच गोलांमध्ये पक्षाचे नेते. उमेदवारांचा एक बूट माउलींच्या चेहऱ्यापेक्षा मोठा भरला. वारकऱ्यांना शुभेच्छा देणारी ओळ सगळ्यात बारीक.

सिग्नलला थांबलेला माणूस असला फलक वाचत नाही. नुसती नजर जाते आणि चित्र मनात बसतं: देव, संत, नेते आणि त्यांच्या आशीर्वादाने उभा असलेला हा माणूस. हेच कुणी भाषणात बोललं असतं, तर आपण हरकत घेतली असती. धर्माच्या नावाने मत मागणं हे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने, धर्म उमेदवाराचा असो वा मतदाराचा, तो पुढे करून मत मागता येणार नाही, असं सांगितलं. तो खटला १९९०च्या सांताक्रूझच्या निवडणुकीतला, म्हणजे आपल्या शेजारचाच. पण ही बंदी निवडणुकीपुरती. एरवी वर्षभर आषाढी, दत्तजयंती, प्रकटदिन, साहेबांचा वाढदिवस चालूच असतात. मतदान येईपर्यंत चित्राने आपलं काम केलेलं असतं.

देवादिकांच्या चित्रांना माझा विरोध नाही. आमच्या देवघरात सासूबाईंनी चौकट करून घेतलेली रविवर्म्यांची लक्ष्मी आहे. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आले. छापील चित्राचं हे फार मोठं काम आहे. आपल्या ठाण्यातच बघा, आनंद दिघे २००१ साली गेले, तरी आजही दुकानांत, रिक्षांत त्यांची तसबीर दिसते. ज्याने ती लावली तो स्वतः ती पुसतो, हार घालतो. त्याबद्दल कुणी काही म्हणू नये, ती त्याची माया आहे. फ्लेक्सवरच्या संताला रोज हात जोडणारं कुणी नसतं. त्याला चार दिवसांसाठी कुणाच्या तरी शेजारी उभं केलेलं असतं, त्याला न विचारता.

गाडगेबाबांचं तर मला फार लागतं. २० डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, त्यांचेही फलक लागतात. जो माणूस गावात आला की आधी खराटा हातात घेऊन रस्ते झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा, त्याचं चित्र रस्ता विद्रूप करणाऱ्या प्लॅस्टिकवर! ज्या गुरूंचा, महाराजांचा सत्संग आज चालू आहे, त्यांनी तरी आपला फोटो वापरू देऊ नये. त्यांच्या शब्दाने कित्येकांचं व्यसन सुटतं, मोडणारे संसार सावरतात. हा विश्वास त्यांनी कुणालाही उसना देऊ नये.

मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. बेकायदा फलक काढा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सर्व पालिकांना बजावलं आहे. कारवाई होते, आणि पंधरा दिवसांत तेच खांब पुन्हा भरतात. माझी पालिकेला विनंती एवढीच, की परवानगी देतानाच अट घालावी: देव, संत, गुरू यांचं चित्र आणि राजकीय व्यक्तीचं चित्र एका फलकावर नको. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय फ्लेक्स छापणाऱ्यांनीही छापू नये. आणि ज्याने लावला त्यानेच दुसऱ्या दिवशी उतरवावा.

त्या फलकावर मोबाइल नंबर आहे. मी फोन केला होता. मुलाला पाठवतो, म्हणाले. अजून कुणी आलेलं नाही. फ्लेक्स पुसून, घडी घालून ठेवला आहे. त्यांनी स्वतः येऊन न्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे